नावाचा पगार

आमच्या भागात मुलगा नोकरीला लागला की ‘काय काम करतोस’ असे सहसा कुणी विचारत नाही. विचारतात, ‘कुठं लागलास?’ उत्तरही एका शब्दाचे असते. ‘बजाजला.’ ‘व्हिडिओकॉनला.’ ‘स्कोडाला.’ त्या एका शब्दावर पुढचे बोलणे ठरते. शब्द ओळखीचा असला तर घरात चहा टाकायला सांगितले जाते. ओळखीचा नसला तर ‘ही कंपनी कुठं आली?’ असा दुसरा प्रश्न येतो आणि सांगणाऱ्याचा आवाज जरा खाली जातो.

मी छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, आयटीआयमध्ये बरीच वर्षे शिकवले. फिटर, टर्नर, मशिनिस्ट होऊन बाहेर पडलेली मुले वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या कंपन्यांच्या गेटातून आत जाताना पाहिली. त्यातली काही बाहेर येतानाही पाहिली. लोकांच्या मनात कंपनीचे जे नाव असते त्याचा माणसाच्या टिकण्याशी आणि निघून जाण्याशी काय संबंध असतो, हा प्रश्न मला पुस्तकांच्या आधी या मुलांनी घातला. उत्तर शोधताना मी इतिहासाकडे वळलो, आणि पहिला धडा शहरापासून पंधरा किलोमीटरवर, दौलताबादच्या किल्ल्यात सापडला. चाकरी ही गोष्ट कारखान्यांपेक्षा पुष्कळ जुनी आहे.

आपले शहर मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी या नावाने वसवले. निजामशाहीचा कारभार त्याच्या हाती होता आणि भोसले, जाधव अशी मराठा घराणी तिच्या चाकरीत नावारूपाला आली होती. सरदार एक दरबार सोडून दुसऱ्याकडे जात, परतही येत. सिंदखेडचे लखुजी जाधवराव, म्हणजे जिजाऊंचे वडील, मधली काही वर्षे मोगलांकडे होते आणि पुन्हा निजामशाहीत आले होते. १६२६ मध्ये मलिक अंबर वारला. त्यानंतर तीनच वर्षांनी, २५ जुलै १६२९ रोजी, दौलताबादेत दरबारात आलेल्या लखुजी जाधवरावांना, त्यांच्या दोन मुलांना आणि एका नातवाला ठार मारण्यात आले.

त्या दिवशी बाकीच्या सरदारांच्या उत्पन्नातला एक दाणाही कमी झाला नसेल. पण या दरबारात मुजऱ्याला गेलेला माणूस सुखरूप घरी येतो, हा भरवसा संपला. जाधवरावांचे आप्त मोगलांकडे गेले. पुढच्याच वर्षी शहाजीराजांनीही निजामशाही सोडली आणि मोगलांची मनसब घेतली. १६३२ मध्ये त्यांच्याकडच्या जहागिरीचा काही भाग मोगलांनी दुसऱ्याला देऊ केला, तेव्हा त्यांनी मोगलांनाही सोडले. १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या हाती पडला आणि १६३६ मध्ये निजामशाही संपली. राज्य बुडायला कारणे अनेक होती. १६३० चा भयंकर दुष्काळ होता, मोगलांचे बळ होते. तरी मालकाचे नाव एका दुपारी गेले आणि माणसे निघाली, हे आपल्या वेशीवर घडलेले उदाहरण आहे.

पण निघाली कोण? इथे एक जुना भेद कामाला येतो. मराठ्यांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. ज्याचे घोडे आणि हत्यार स्वतःचे, तो शिलेदार. ज्याला घोडे आणि हत्यार सरकारातून मिळे, तो बारगीर. शिलेदाराला धनी बदलायचा तर तो स्वतःच्या घोड्यावर बसून जाऊ शकत होता. बारगीर निघाला तर त्याला पायी निघावे लागे. राग दोघांनाही येत असेल, अपमान दोघांनाही कळत असेल. पण एकाच्या दारात घोडा बांधलेला होता आणि दुसऱ्याच्या नव्हता. हा भेद लक्षात ठेवावा, आपल्याला तो पुढे लागणार आहे.

आता कारखान्यांकडे येऊ. मराठी मुलखात कंपनीच्या नावाची ताकद ज्यांनी फार लवकर ओळखली, त्यांत किर्लोस्करांचे नाव घ्यावे लागेल. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगाव सोडावे लागले आणि औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळ जागा दिली. जागा म्हणजे निवडुंगाचा माळ. गाव नाही, पाणी नाही, बाजार नाही. अशा ठिकाणी कामगार आणायचा आणि टिकवायचा तर मजुरीखेरीज आणखी काही द्यावे लागणार होते. किर्लोस्करांनी तिथे वसाहत उभारली. पुढे १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली. नांगराच्या आणि चरकाच्या गिऱ्हाइकांपर्यंत कारखान्याची बातमी पोहोचवणारे ते पत्रक हळूहळू मोठे मासिक झाले आणि मध्यमवर्गाच्या घरांत शिरले. १९३० मध्ये ‘स्त्री’ निघाले. माळावर राहणाऱ्या कामगाराच्या कारखान्याचे नाव त्याने न पाहिलेल्या घरांत आदराने घेतले जाऊ लागले. गावाकडे गेल्यावर ‘मी किर्लोस्करवाडीला असतो’ एवढे म्हटले की पुरे होई.

मराठवाड्यात हे सगळे उशिरा आले. आपण १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतो. महाराष्ट्र झाल्यावर १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, मग रेल्वे स्टेशनजवळ आणि त्यानंतर चिकलठाण्याला वसाहती उभ्या राहिल्या. १९६८ पासून इथल्याच भोगले कुटुंबाच्या ‘निर्लेप’ने तवा न चिकटण्याची किमया घरोघर पोहोचवली. तरी जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत ‘कंपनी’ या शब्दाला खरे वजन आले ते बजाजमुळे. १९ जानेवारी १९८४ रोजी वाळूजला पायाभरणी झाली. अवघ्या सोळा महिन्यांत उत्पादन सुरू झाले आणि ५ नोव्हेंबर १९८५ रोजी राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते उद्घाटन झाले.

त्या काळी बजाजची स्कूटर म्हणजे काय होती, हे आजच्या मुलांना सांगून पटत नाही. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. मुलीच्या लग्नाचा विचार करून आधीच नंबर लावणारे बाप होते. १९८९ मध्ये दूरदर्शनवर ‘हमारा बजाज’ ही जाहिरात आली आणि जी वस्तू मिळत नव्हती तिचे नाव आपुलकीचे झाले. ती जाहिरात गिऱ्हाइकांसाठी होती. पण तिचा एक भाग, कुणी न ठरवता, वाळूजच्या कामगाराच्या खात्यात जमा झाला. गंगापूरच्या किंवा वैजापूरच्या एखाद्या वाडीतला मुलगा ‘बजाजला लागला’ की स्थळे आपण होऊन येत. किराणा दुकानदार उधारी देई. घरमालक भाड्याचे आगाऊ पैसे मागताना जरा सबुरीने घेई. वाळूजच्या वसाहतीला लागून जी वस्ती वाढली तिचे नावच बजाजनगर पडले.

यालाच मी नावाचा पगार म्हणतो. हा पगार कंपनीच्या रजिस्टरात नसतो आणि तो कंपनी देतही नाही. तो गाव देते, सासुरवाडी देते, बँकेतला कारकून देतो. आणि माणूस नोकरी सोडायची की धरून ठेवायची याचा हिशेब करतो, तेव्हा हा आकडा तो मनात धरतोच. माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांनी छोट्या व्हेंडरकडची जास्त पगाराची, परमनंट नोकरी नाकारून मोठ्या नावाच्या कंपनीत टेम्पररी म्हणून जाणे पसंत केले. कायद्यात २४० दिवस सलग काम भरले की कामगाराचे हक्क सुरू होत, म्हणून अनेक ठिकाणी त्याच्या आतच ‘ब्रेक’ दिला जाई. हे मुलांना ठाऊक होते. तरी ती जात. सात महिन्यांसाठी का होईना, छातीवर ते नाव असलेला शर्ट घालून त्यांना गावच्या जत्रेत फिरायचे असे. मी त्यांना वेडे समजत असे. आता समजत नाही. नावाचा पगार धरला तर त्यांचा हिशेब अगदीच चुकीचा नव्हता.

मात्र या पगाराची एक खोड आहे. खरा पगार कमी करायचा तर नोटीस लागते, संघटना उभी राहते, करार होतो. नावाचा पगार एका सकाळी, वर्तमानपत्राच्या एका मथळ्याने निम्मा होतो आणि त्याविरुद्ध दाद मागायला कुठलेही न्यायालय नाही.

याचे आपल्या डोळ्यांसमोरचे उदाहरण म्हणजे व्हिडिओकॉन. १९८२ च्या आशियाई खेळांबरोबर देशात रंगीत टीव्ही आला. त्यानंतरच्या काही वर्षांत धूत कुटुंबाची ही कंपनी पैठण रस्त्यावरच्या चितेगावातून देशभर पोहोचली. औरंगाबादचा माणूस दिल्लीच्या किंवा कोलकात्याच्या दुकानात शिरला की काचेआड त्याला आपल्या गावाचा टीव्ही दिसे. पुढे कंपनी तेलात गेली, डीटीएचमध्ये गेली, मोबाइल सेवेत गेली. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टू-जीचे १२२ परवाने रद्द केले, त्यांत तिचेही परवाने गेले. कर्ज वाढत राहिले आणि जून २०१८ मध्ये कंपनीवर दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली. जून २०२१ मध्ये न्यायाधिकरणाने जी योजना मंजूर केली तिच्यात सुमारे ६४,८०० कोटींच्या मान्य दाव्यांपोटी २,९६२ कोटी मिळणार होते. जानेवारी २०२२ मध्ये अपिलात तीही रद्द झाली.

हे आकडे बँकांचे आहेत. चितेगावच्या रस्त्याकडून पाहिले तर गोष्ट वेगळी दिसते. एखाद्या कंपनीचे नाव असे उतरू लागते, तेव्हा सगळेच एकदम निघत नाहीत. मी शहरात अनेक कंपन्यांच्या पडत्या काळात जे पाहिले त्याचा क्रम साधारण ठरलेला होता. आधी मार्केटिंगमधली आणि हिशेबातली तरुण माणसे जातात, कारण बातमी त्यांना आधी कळते. मग टूलरूममधला कसबी माणूस, सीएनसी चालवणारा, देखभालीतला इलेक्ट्रिशियन. हे सगळे शिलेदार. यांचे घोडे यांच्या हातात असते. पुणे, चाकण, कुठेही त्यांना दार उघडे. पंचवीस वर्षे एकाच लाइनवर एकच जोडणी केलेला पंचेचाळिशीचा कामगार मागे राहतो. त्याचे घोडे म्हणजे ती लाइन, आणि ती कंपनीच्या मालकीची. तो बारगीर.

कायदाही त्याला काही प्रमाणात थांबायलाच सांगतो. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याने पाच वर्षे सलग नोकरीची अट घातली आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन दिले. म्हणजे जितकी वर्षे जास्त तितके जोखड जड. चार वर्षे झालेला मुलगा एक वर्ष थांबू म्हणतो, वीस वर्षे झालेला हिशेब हातात पडेपर्यंत थांबू म्हणतो. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेनुसार कंपनी विकून पैसे वाटायची वेळ आली तर कामगारांची मागच्या चोवीस महिन्यांची देणी तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने धरली जातात. इतर कर्मचाऱ्यांची बारा महिन्यांची देणी त्यांच्या खालोखाल येतात. कागदावर ही रांग चांगली आहे. पण ती रांग आहे आणि रांगेत उभे राहणाऱ्याच्या घरी चूल रोज पेटावी लागते.

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी, चांगला टर्नर, संध्याकाळी घरी आला. त्याच्या कंपनीबद्दल पेपरात उलटसुलट छापून येत होते. ती कंपनी आज मी नावे घेतली त्यांपैकी नाही आणि तिचे नाव सांगण्यात अर्थही नाही. त्याने विचारले, ‘सर, थांबू का निघू?’ त्याला एका वर्कशॉपमध्ये काम मिळत होते, पण त्या वर्कशॉपचे नाव कुणाला ठाऊक नव्हते. आणि घरी त्याच्या लग्नाचे बोलणे चालले होते. मी म्हणालो, ‘लग्न ठरू दे. तोवर कंपनी बदलू नकोस. नाव मोठे आहे, एवढ्यात काही होत नाही.’

लग्न ठरले, झालेही. पाचव्या महिन्यात पगार थकला, पुढे दहा महिने काही मिळाले नाही आणि मग गेटला कुलूप लागले. वर्कशॉपमधली जागा तोवर भरून गेली होती. शेवटी त्याने काँट्रॅक्टरकडे पूर्वीपेक्षा कमी रोजावर काम धरले. तो मला कधी काही बोलला नाही. एकदाच म्हणाला, ‘सर, पगार थांबला तवा एवढं नाही वाटलं. सासरे म्हणाले, अजून तिथंच आहात का, तवा लई वाटलं.’ ज्या नावावर त्याला मुलगी मिळाली होती, त्याच नावाने त्याला सासऱ्यासमोर खाली पाहायला लावले होते. आणि त्या नावाच्या भरवशावर त्याला थांबवणारा मी होतो. तो शिलेदार होता, त्याचे कसब त्याच्या हातात होते. मी त्याला बारगिरासारखे वागायला सांगितले.

या अनुभवानंतर एक गोष्ट मी बोलायची सोडली. पडत्या काळात कंपनीत राहिलेल्या माणसाला आपण फार सहजपणे ‘निष्ठावान’ म्हणतो आणि गेलेल्याला ‘संधिसाधू’. मालकही समारंभात तसेच म्हणतात. अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये या विषयावर एक छोटे पुस्तक लिहिले. संस्था घसरू लागली की माणसापुढे दोन वाटा असतात, एक तर निघून जाणे किंवा राहून आवाज उठवणे, अशी त्याची मांडणी. निष्ठा असेल तर माणूस लगेच निघत नाही, आधी बोलून पाहतो. म्हणजे निष्ठेची खूण नुसते थांबण्यात शोधू नये. थांबलेला माणूस बोलतो की नाही, हे पाहावे. जो मुकाट थांबला आहे तो कदाचित फक्त पायी असेल.

जुलै २०२० मध्ये, कोरोनाच्या पहिल्या लाटेत, वाळूजच्या बजाज कारखान्यातले बाधित कामगार अडीचशेच्या घरात गेल्याच्या बातम्या देशाबाहेरही पोहोचल्या. तेव्हा कामगार संघटनेने काही दिवस काम बंद ठेवण्याची मागणी केली. ही राहून बोलण्याची वाट. ज्या नावाचा आपल्याला अभिमान वाटतो त्याच्यावर डाग पडू नये, असे तिथल्या माणसालाही वाटत असते, फक्त त्याची भाषा जनसंपर्क खात्याची नसते. बजाजने २००९ च्या डिसेंबरात स्कूटर बंद करण्याचे जाहीर केले, पण नाव गेले नाही, मोटारसायकल आणि रिक्षांनी ते तोलून धरले. वस्तू जाऊनही नाव राहते. नाव जाते ते दिलेला शब्द मोडू लागला की. दौलताबादेत तेच झाले होते.

आज शहराच्या दुसऱ्या अंगाला, बिडकीनला, नवे पर्व सुरू होत आहे. ३१ जुलै २०२४ रोजी टोयोटा किर्लोस्करने राज्य सरकारशी सुमारे २०,००० कोटींच्या प्रकल्पाचा करार केला. इतर मोठी नावेही येत आहेत. पुन्हा गावोगाव ‘कुठं लागला?’ हा प्रश्न ऐकू येईल आणि मोठ्या नावांना चहा मिळेल. मिळू दे, त्यात वाईट काही नाही. चांगल्या नावाच्या कंपनीत काम करण्याचे सुख खरे असते.

गेल्या जूनमध्ये तोच विद्यार्थी पुन्हा घरी आला. केस पिकलेले. बरोबर मुलगा होता, आयटीआयला प्रवेश घ्यायचा म्हणून. मला वाटले, कुठल्या कंपनीत लवकर लागेल, असे विचारेल. त्याने विचारले, ‘सर, कोणत्या ट्रेडमधलं काम पोराच्या हातात राहील? कंपनी राहो न राहो.’ या वेळी मी लगेच उत्तर दिले नाही. मुलाला आत बसवले, त्याला काय आवडते ते विचारले, आणि मग आम्ही तिघे बराच वेळ बोलत बसलो.